कर्जदार बघण्याचा कार्यक्रम

चहा आधी संपवा, मग सांगते. मागच्या खेपेला हे सांगत होते तेव्हा शेजारच्या वहिनींना असा ठसका लागला की बिस्कीट नाकात गेलं. फजिती माझी, तुमच्या नाकाला त्रास कशाला?

तर मी कॅशिअर होते. साताऱ्यात, बँकेत. पोरगी बालवाडीत गेली तेव्हा त्या काचेमागं बसले, ती पुण्यात नोकरीला लागली तरी तिथंच. काचेला खाली एक अर्धगोल भोक असतं ना, त्यातून मला जग दिसायचं. म्हणजे जगाचे हात दिसायचे! हळदीचे हात, ग्रीसचे हात, पेन्शन घ्यायला आलेल्या सुभेदारांचे थरथरणारे हात. चेहरा बघायला मान वर करावी, तर तोवर पुढच्याचा हात आत आलेला.

आणि माझा स्वभाव पडला चौकस. आमचे हे त्याला भोचक म्हणतात. हे मिलिटरीतून रिटायर झालेत. त्यांचं म्हणणं, माणसाला जेवढं सांगितलंय तेवढंच त्यानं ऐकावं. मला नाही बाई जमत! कुणी मोठी रक्कम काढली की माझा जीव खालीवर. कशाला काढली असेल? बोअर मारणार? गाडी घेणार? की जावयाचा हट्ट? एकदा एका आजोबांना न राहवून विचारलंच, "काका, एवढे पैसे कशाला हो?"

"बाई, तुमी मोजा," काका म्हणाले.

त्या दिवशी ठरवलं, आपण कर्ज विभागात जायचं. कॅशमध्ये पैसा नुसता जाताना दिसतो. तो जातो कुठं, हे कर्जवाल्यांना कळतं. तिथं माणसं घरी जाऊन बघतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतात, आणि वर त्याचा पगार मिळतो! मला कुणी आधी का नाही सांगितलं?

खात्यातली परीक्षा दिली. पहिल्यांदा नापास झाले. मग माझी पोरगी, ऋतुजा, रोज पुण्याहून फोनवर माझी उजळणी घ्यायला लागली. लहानपणी मी तिला पाढ्यांवरून जेवढं रागावले होते, ते सगळं तिनं वसूल केलं. दुसऱ्यांदा पास! कर्ज अधिकारी म्हणून कोरेगाव शाखेत बदली.

तिथले मॅनेजर जाधव साहेब, बोलायला गोड, पण बोललेलं विसरत नाहीत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, या वयात कॅश सोडून इकडं आलात, कौतुक आहे. पण पहिलं प्रकरण तुम्ही एकटीनं करून दाखवायचं. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका, साताऱ्यातली तुमची खुर्ची अजून रिकामी आहे. कुणी बसायलाच तयार नाही."

मला त्या भोकामागं परत जायचं नव्हतं. काही झालं तरी नाही. हे एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढं मी जे काय केलं ते का केलं हे कळेल.

पहिलं प्रकरण आलं विक्रमचं. कोरेगावजवळच्या एका गावातला पोरगा. गावाचं नाव सांगत नाही, गिऱ्हाइकाची गोष्ट गुपित ठेवायची असते (आता हे मी सगळ्या गल्लीला सांगतेय ते सोडा). वडील नाहीत, जमीन त्याच्या नावावर. आमच्या भागात आलं उदंड पिकतं, पण काढलेल्या आल्याला चिकटलेली माती धुवायला बायका बघाव्या लागतात, आणि त्या मिळत नाहीत. विक्रमला आलं धुवायचं मशीन बसवायचं होतं. स्वतःचंही धुवायचं, गावाचंही धुवून द्यायचं. त्यासाठी कर्ज.

साहेबांनी मला दोन सूचना दिल्या. एक, शेजारीपाजारी चौकशी करा, पण बँकेचं नाव काढू नका. माणसाची अब्रू असते. आणि दुसरी, आईला काही सांगू नका. ती कर्ज म्हटलं की घाबरते, मशीन दारात आल्यावर पोरगा स्वतः सांगणार आहे.

"एवढं जमेल ना?"

"साहेब, चौकशी? मला?" मी हसले.

आता आमच्या घरातलं एक सांगायलाच पाहिजे. त्या दिवसांत आम्ही ऋतुजासाठी स्थळं बघत होतो. आम्ही म्हणजे मीच. सगळ्या विवाह ग्रुपांवर तिचा बायोडाटा मीच टाकलेला, अपेक्षाही मीच लिहिलेल्या. मुलगा पुण्या-मुंबईचा, इंजिनिअर, निर्व्यसनी, गावाकडं शेती असावी पण मुलगा शेती करणारा नसावा. हसू नका! तुमच्यातल्या निम्म्यांनी हेच लिहिलंय. स्थळं ढिगानं येत होती आणि ऋतुजा एकेकाला नकार देत होती. कारण विचारलं तर म्हणायची, "बोलायला काही विषयच नाही गं त्यांच्याकडं." त्यामुळं चौकशी म्हटलं की माझ्या तोंडात कुठले प्रश्न बसले होते, हे तुम्ही ओळखलंच असेल.

मी नाही ओळखलं.

गळ्यातलं ओळखपत्र काढून पर्समध्ये टाकलं आणि स्कूटीवरून निघाले. बरी साडी, गॉगल. गावात शिरल्या शिरल्या पिठाची गिरणी. तिथं डबे घेऊन बसलेल्या बायका म्हणजे गावाची सगळी माहिती! मी गाडी लावली. गिरणीवाल्या हिराबाई पिठानं पांढऱ्या झालेल्या, पट्ट्याच्या आवाजावर ओरडून बोलत होत्या.

मी म्हटलं, "मावशी, इथं विक्रम म्हणून एक मुलगा आहे ना? आल्याची शेती करतो तो. कसा आहे हो स्वभावानं?"

हिराबाईंनी गिरणी बंद केली! अर्धं दळण आत असताना. सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या.

"आपन कुटल्या म्हनायच्या?"

"साताऱ्याच्या."

"कशापायी इचारताय?"

"सहजच."

काय चुकलं माझं? मला वाटलं मी लई हुशारीनं उत्तर दिलं. पण तुम्ही सांगा, तिशी उलटलेला, शेती करणारा, बिनलग्नाचा पोरगा. ज्या गावात असल्या पोरांची रांग लागलीय आणि वर्षानुवर्षं एकाचंही जमत नाही, त्या गावात साताऱ्याची एक बरी साडी नेसलेली बाई येते आणि म्हणते, मुलगा स्वभावानं कसा आहे, सहजच विचारते!

"आवं, पोरगं म्हंजी सोनं हाय!" हिराबाई दोन पावलं पुढं आल्या. "सुपारीच्या खांडाचाबी नाद न्हाई."

"आईचा शब्द खाली पडू देत न्हाई," दुसरी म्हणाली.

"मोटारसायकल बी हळू चालवतं."

"जमीन किती आहे?" मी विचारलं.

"चार एकर."

"चार कसली? पाच!" डब्यावर बसलेली एक आजी म्हणाली. "वड्याकडंची धरली न्हाईस तू."

"मग माळाकडंची बी धरली तर सातच म्हना की," हिराबाईंनी सौदा मिटवला.

अर्जात विक्रमनं तीन एकर लिहिली होती. माझा ऊर भरून आला. लोक कर्ज मागताना जमीन वाढवून सांगतात, आणि हा पोरगा कमी सांगतोय! किती प्रामाणिक असावं माणसानं?

पुढं मारुतीच्या देवळापाशी पारावर दोघं म्हातारे बसले होते. त्यातले एक विक्रमचे चुलते निघाले, तात्या. म्हटलं, भावकीतला माणूस खरं बोलेल.

"पोरगं चांगलंच हाय," तात्या म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पर..."

तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्यानं त्यांना कोपरानं अशी ढोसणी दिली की टोपी कानावर आली.

"पर काय न्हाई," तात्या म्हणाले. "चांगलंच हाय."

आणि मी, जन्माची चौकस बाई, त्या 'पर'च्या पुढचं विचारलंच नाही! 'पर काय न्हाई' म्हणाले ना, मग विषय संपला. पुढं निघाले.

विक्रमच्या घरी गेले तर फरशी नुकतीच पुसलेली, अजून ओली. अंगणात रांगोळी, तीही दुपारची. दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर 'ग्रामपंचायत' लिहिलेलं. विक्रम आलं घेऊन साताऱ्याच्या मार्केटला गेला होता. दारात त्याची आई, सुमनकाकी, पदर सावरत उभ्या. मी येतेय हे त्यांना कळलं कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला काय वाटलं? खेड्यातली माणसं किती टापटिपीची असतात!

"या ताई, या. वाटच बघत हुते."

पोहे आले. वर खोबरं, कोथिंबीर, तळलेले शेंगदाणे. पापड. मग शिरा. मी म्हटलं, "अहो, एवढं कशाला?" काकी म्हणाल्या, "आमच्यात असंच असतं." दाराच्या फटीतून चार बायका आत बघत होत्या. मला वाटलं, खेडं आहे, नवीन माणूस बघत असतील.

मी चौकशी सुरू केली. घरात कोण कोण? एक पोरगी होती, कराडला दिली. स्वयंपाक कोण करतं? पोरगा करू लागतो का? त्याला राग येतो का? पैपाहुणा किती? काकी एकेक उत्तर देत होत्या, परीक्षेला बसल्यासारख्या ताठ.

"घर बघू का जरा?"

"बगा की! तुमचंच हाय."

स्वयंपाकघर बघितलं, न्हाणी बघितली. फ्रिज उघडून बघितला. होय, फ्रिज! मला सवयच आहे ती, कुणाच्याही घरी गेले की माझा हात फ्रिजकडं जातो. आत सगळं झाकून ठेवलेलं, दुधाचं पातेलं सुद्धा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कर्जाचा आणि दुधाच्या पातेल्याचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मला कुठं सुचलं होतं ते विचारायला?

मग आठवलं, कर्जदाराचा फोटो लागतो. तपासणीला गेलं की घर, जागा आणि कर्जदार, तिन्हींचे फोटो काढायचे असतात. कर्जदार तर नाही. भिंतीवर त्याचा जत्रेतला फेटा बांधलेला फोटो होता. मी मोबाईल काढून त्या फोटोचाच फोटो घेतला. काकींनी तो घाईनं खाली उतरवला, पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "ह्यो नको, ह्यात त्यो बारीक दिसतोय. थांबा." आतून कोटातला दुसरा आणला. मी तोही काढला. समोरून आणि जरा बाजूनं.

निघताना काकी ताट घेऊन आल्या. हळदीकुंकू, खण, तांदूळ, नारळ. ओटी!

आता आली पंचाईत. बँकेचा नियम असा की कर्जदाराकडं चहा चालतो, वस्तू चालत नाही. नारळ ही लाच झाली तर? पहिल्याच प्रकरणात?

"नको, नको, नारळ नको. मला नाही चालत."

काकींचा चेहरा उतरला. "चालत न्हाई म्हंजी? काय खटाकलं का तुमास्नी? घर बारकं वाटलं?"

"नाही हो काकी! घर छान आहे. मुलाबद्दल तर काही प्रश्नच नाही. माझ्याकडून होकारच समजा. फक्त साहेबांना विचारावं लागेल."

"ते तर हायेच की. मालकांस्नी इचारल्याबिगर कसं चालंल?" काकी हसल्या. डोळ्यांत पाणी, आणि हसू. मग मी नारळ घेतला. बँकेत साहेबांच्या केबिनबाहेर गणपतीची तसबीर आहे, तिच्यापुढं ठेवला, की माझ्याकडं काही राहिलं नाही. हिशोब चोख!

काकींनी फोन नंबर घेतला होता. दोनच दिवसांत फोन.

"ताई, आमी कवा येऊ?"

मला वाटलं, पोरानं आईला कर्जाचं सांगितलं वाटतं. किती समजूतदार कुटुंब! म्हटलं, "सोमवारी कोरेगावला बँकेत या. साहेब असतात. मी विक्रमलाही बोलावते. येताना घरातली दोन जाणती माणसं आणा." जामीन राहायला लागतात ना दोन!

सोमवारी बँकेपुढं एक जीप थांबली आणि माणसं उतरायलाच लागली. सुमनकाकी भरजरी साडीत. तात्या धुतलेल्या टोपीत. पारावरचा दुसरा म्हातारा. हिराबाई, पहिल्यांदाच बिनपिठाच्या. आणखी दोघी-तिघी. कंदी पेढ्यांचा पुडा. आत शिरताना काकींनी गणपतीपुढचा नारळ बघितला आणि हिराबाईंचा हात दाबला. "आपला नारळ!"

साहेब खूश. मला हळूच म्हणाले, "मॅडम, जामीनदार एवढे?"

"लोकांचा विश्वास आहे साहेब त्याच्यावर," मी म्हटलं.

तात्या केबिनमध्ये पहिल्या खुर्चीत बसले. टोपी सारखी केली आणि खाकरले.

"सायेब, आमी साधी मानसं. देन्याघेन्याचं आमचं कायबी न्हाई. फकस्त आदी पोरगी दावा."

साहेबांनी चष्मा काढला. "मुलगी? अर्जात मुलगी कुठं आहे?"

"त्येच म्हनतोय मी. आमी पोरीचा फोटूबी बगितला न्हाई. तुमच्या बाईंनी मातर आमच्या पोराचं दोन काडून न्हेलं."

साहेब माझ्याकडं वळले. "कसले फोटो?"

"तपासणीचे, साहेब. कर्जदार हजर नव्हता म्हणून..."

"म्हणून?"

"भिंतीवरचा काढला."

तेवढ्यात दार उघडून विक्रम आत आला. शेतातून थेट, पँटला लाल माती. मी त्याला प्रत्यक्ष बघत होते ते पहिल्यांदाच. तो आईला बघून दारातच थबकला.

"आये? तू हितं?"

"आन तू कशाला आलायस? नवरदेव आसा येतो व्हय चिखलाचा?"

"कसला नवरदेव? मी तर कर्जा..."

आणि तो थांबला. पण गेलं ते तोंडातून. काकींनी त्याच्याकडं बघितलं, मग साहेबांकडं, मग माझ्याकडं.

"म्हंजी ह्या पोरगी द्याला आल्या न्हवत्या?"

"नाही हो काकी," मी म्हटलं. "कर्ज द्यायला आले होते."

मला वाटलं त्या चिडतील, भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पेढ्यांच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या आणि हळू म्हणाल्या, "मशीन द्याला पोरगं चांगलं, व्हय? बँकेचा इस्वास बसतो. पोरगी द्याला तेवढा कुनाचा बसत न्हाई."

मला इतकी लाज वाटली, की त्या भोकाच्या काचेमागं जाऊन बसावं आणि वरची लाईट पण बंद करावी. कारण काकींना माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं, माझ्या ग्रुपवरच्या बायोडाट्यात काय लिहिलंय ते.

विक्रमनंच मग कोंडी फोडली. डोकं खाजवत म्हणाला, "ताई, एकाच खेपंत माजी दोन्ही कामं घालवली की तुमी!" आणि हसला. तो हसला म्हणून हिराबाई हसल्या, मग म्हातारा. शेवटी काकींनी डोळे पुसत पुडा सोडला. "आनल्यात तर खावा आता. परत कुटं न्हेऊ?"

सगळी मंडळी बाहेर चहाला गेली. साहेब पेढा खात शांतपणे म्हणाले, "बसा मॅडम. मला सांगा, मशीनला थ्री फेज लागतं. त्याच्याकडं आहे?"

"विचारलं नाही, साहेब."

"पाणी? विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं?"

"विहीर... आहे बहुतेक."

"आलं धुतलं की गढूळ पाणी कुठं जाणार?"

मी पर्सची चेन उघडून परत लावली.

"मग तुम्ही तिथं जाऊन बघितलंत काय?"

"मुलगा," मी म्हटलं.

"तो तर घरी नव्हता!"

साहेब म्हणाले, "शुक्रवारपर्यंत सगळं नीट बघून या. नाहीतर साताऱ्याला फोन करतो, म्हणावं खुर्ची पुसून ठेवा."

दुसऱ्या दिवशी परत गेले. यावेळी ओळखपत्र गळ्यात, बाहेर दिसेल असं. गिरणीवरून जाताना हिराबाई ओरडल्या, "म्याडम, आज काय बगायचं?" मी मान खाली घालून स्कूटी पुढं काढली. काकी दारात होत्या. रांगोळी नव्हती.

"आता काय ऱ्हायलं बगायचं?"

"विहीर," मी म्हटलं.

त्या पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. "या मग. आदी पानी तरी पिऊन जावा."

आणि काय सांगू, त्या दिवशी मला कळलं की कर्जाचं काम किती मजेचं असतं! विक्रमनं मला विहिरीत वाकून पाणी दाखवलं, मोटार दाखवली. आल्याचा गड्डा हातात दिला, बोटांच्या बेचक्यांत माती कशी बसते ते दाखवलं. मशीनचा ड्रम फिरतो आणि चारी बाजूंनी पाण्याचे फवारे बसतात. त्या फवाऱ्यांची तोंडं त्यानं स्वतः बदलून घ्यायची ठरवली होती, म्हणजे साल निघत नाही. साल निघाली तर भाव पडतो. मी विचारतच सुटले. फवारा असाच का? उलटा का नाही? साल गेली तर आलं किती दिवस टिकतं? शेवटी तो म्हणाला, "ताई, मशीन तुमीच चालवा. मी बँकेत बसतो."

मग पारावर गेले. तात्या एकटेच होते.

"तात्या, त्या दिवशी 'पर' म्हणून थांबलात. त्याच्या पुढं काय होतं?"

तात्यांनी इकडंतिकडं बघितलं. आज कोपर मारायला कुणी नव्हतं. "आवं, त्यो आलं धुनार आन मळी समदी माज्या वावरात येनार! बांध माजा न्हवं का?"

म्हणजे साहेबांनी जे विचारलं होतं, त्याचं उत्तर तात्या मला पहिल्याच दिवशी देत होते. मी एक प्रश्न जास्त विचारला असता तर! विक्रमला बोलावलं. त्यानं तिथंच काटकीनं मातीत रेघा ओढून दाखवलं, इथं खड्डा काढतो, मळी खाली बसेल, वरचं पाणी पाइपनं तुमच्या बांधाच्या कडेनं ओढ्याला नेतो. तात्यांनी चपलेनं एक रेघ आपल्या बांधापासून जरा लांब सरकवली.

"न्हे मग," ते म्हणाले. "बोलनीला गेलो तवा पयल्या खुर्चीत बसलोय मी. आता न्हाई म्हनलो तर गाव हसंल."

कर्ज मंजूर झालं! मशीन दारात आलं त्या दिवशी मला बोलावणं होतं. गणपतीपुढचा तो नारळ मी परत घेऊन गेले आणि काकींनी तोच मशीनपुढं फोडला. साताऱ्याची ती खुर्ची अजून रिकामीच आहे म्हणे.

पण गोष्ट इथं संपत नाही. साताऱ्याची एक बाई पोरगी द्यायला आली होती, ही बातमी पंचक्रोशीत पसरली होती. नंतर खरं काय ते कळलं, तर लोकांनी त्याचाही वेगळाच अर्थ लावला. बँकेनं घर बघून, फ्रिज उघडून, गावात विचारून पास केलेला पोरगा! रहिमतपूरकडच्या एका घरानं पूर्वी विक्रमला नकार दिला होता. तेच आता पाहुण्यांकरवी निरोप घेऊन आले. मुलगी शिकलेली, तिला हिशोबाची आवड. ठरलं की लगेच!

आता शाखेत दर आठवड्याला कुणाची तरी आई येते आणि म्हणते, "आमच्या घरी बी त्याच म्याडमला पाठवा तपासाला." साहेब म्हणतात, मॅडम, तुमच्यामुळं अर्ज वाढले. मला वाटायचं माझ्या कामाची कीर्ती!

लग्नाला आम्ही तिघं गेलो. ऋतुजा सुट्टीवर आली होती, गाडी तीच चालवत होती. काकींनी मला पहिल्या रांगेत बसवलं आणि नारळासकट ओटी भरली. यावेळी मी काही बोलले नाही. विक्रम फेट्यात असा काही उमदा दिसत होता! ऋतुजाशी तो आल्याच्या सालीवर आणि फवाऱ्यांवर एवढा वेळ बोलला, की फोटोवाला येऊन उभा राहिला.

परत येताना मी तिला सगळा किस्सा पहिल्यापासून सांगितला. आधी ती हसली. मग कोरेगावच्या पुढं आल्यावर विचारायला लागली.

"आई, फवारे त्यानं स्वतःच्या डोक्यानं बदललेत?"

"हो ना!"

"आणि नाद कसलाच नाही?"

"सुपारीचाही नाही. मी गिरणीपासून पारापर्यंत विचारलंय."

"घरचे?"

"आई तर अशी प्रेमळ! आणि फ्रिजमध्ये सगळं झाकून ठेवलेलं."

ऋतुजानं गाडीचा वेग कमी केला. "मग मला का नाही दाखवलास?"

मी उडालेच. "तुला? अगं, तुला शेतकरी नको होता ना!"

"मी कधी म्हटलं असं?"

"बायोडाट्यात..."

"तो तू लिहिलायस, आई. मला विचारलं होतंस?"

मी खिडकीतून बाहेर बघायला लागले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आल्याचीच शेतं.

मागच्या सीटवर आमचे हे बसले होते. ते खाकरले.

"इतकी वर्षं मी तुला भोचक म्हणत आलो," हे म्हणाले. "तो शब्द मी मागं घेतो."